१८९७ : उंबरठ्याच्या आत आलेले राज्य

हिंदुस्थानच्या इतिहासात इ. स. १८९७ हे वर्ष बहुधा तुकड्यातुकड्यांनी आठवले जाते. कुणाला ते रँडच्या खुनाचे वर्ष म्हणून ठाऊक असते, कुणाला टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्याचे, कुणाला सावित्रीबाई फुले यांच्या मृत्यूचे, तर कुणाला सुभाषचंद्र बोस यांच्या जन्माचे. हे तुकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे त्यांतील बहुतेकांना जोडणारा एक धागा दिसू लागतो. शेतसारा, कोर्ट, जकातनाका आणि पोलीसचौकी या ठिकाणी भेटणारे इंग्रजी राज्य या वर्षी प्रथमच शहरातील सामान्य माणसाच्या घरात शिरले, त्याच्या देवघरापर्यंत व स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले आणि त्याच्या अंगाला हात लावून तपासणी करू लागले. पुढे काही महिन्यांतच ते त्याच्या वर्तमानपत्रात शिरून, वाचकाच्या मनात राज्यकर्त्यांविषयी कोणती भावना असावी याचाही न्यायनिवाडा करू लागले. वर्षभरातील राजकीय घडामोडींचा अर्थ या दोन प्रवेशांच्या संदर्भातच नीट लागतो.

वर्ष उजाडले तेच उपासमारीत. १८९६ चा पाऊस बुंदेलखंड, संयुक्त प्रांत, मध्य प्रांत, वऱ्हाड आणि दख्खनच्या मोठ्या भागात अपुरा पडला होता आणि धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळात सरकारी अधिकाऱ्यांनी काय करावे याचे लेखी नियम, तयार झाले होते. दुष्काळी कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, शेतसाऱ्याची तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे कोणत्या परिस्थितीत करावे आणि सूट म्हणजे ती कायमची सोडून देणे केव्हा योग्य, हे सारे त्यांत लिहिलेले होते; परंतु ज्यांच्यासाठी हे नियम होते त्या शेतकऱ्याला त्यांचा पत्ताच नव्हता. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जी १८९५ पासून टिळकांच्या अनुयायांच्या हाती आली होती, आपले कार्यकर्ते गावोगाव पाठवून हे नियम मराठीत समजावून सांगण्याचे काम हाती घेतले. सरकारचेच कायदे सरकारच्या रयतेला वाचून दाखवण्याचा हा उद्योग मुंबई सरकारला इतका खुपला की मार्च १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या अर्जांची दखल घेणे बंद केले. सनदशीर मार्गाने बोलणाऱ्या संस्थेचे तोंड अशा रीतीने बंद करणे ही त्या वर्षातील सरकारची पहिली मोठी चूक म्हणावी लागेल. याच दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा गोळा करून आणल्या आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणे कठीण झाल्यावर केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. मुक्ती मिशन ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

दुष्काळ देशाला ओळखीचा होता. प्लेग मात्र त्या पिढीला सर्वस्वी नवा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी तापाने आजारी पडलेल्या रोग्यांच्या काखेतील व जांघेतील गाठी पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. थोड्याच महिन्यांत मुंबईतील लक्षावधी लोक रेल्वेने, बोटीने आणि पायी शहर सोडून गेले, गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले आणि रोगही त्या पळणाऱ्यांबरोबर बाहेर पसरू लागला. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता, परंतु तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे १८९७ मध्ये कुणालाच निश्चित माहीत नव्हते. उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो असा निष्कर्ष पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये काढला आणि तोही मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. यामुळे १८९७ मधील सर्व सरकारी उपाय घाण, कोंदट हवा, दूषित जमीन आणि माणसामाणसांतील संसर्ग या समजुतींवर उभे होते. घरे खणणे, चुना फासणे, सामान जाळणे आणि निरोगी नातलगांना छावणीत कोंडणे यांत खरा वाहक असलेला उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात मोकळाच फिरत राहिला, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुण्याच्या दुःखाचे मोजमाप करता येत नाही.

सरकारच्या घाईचे कारण मात्र केवळ लोकांच्या जिवाची काळजी हे नव्हते. मुंबई बंदरातून निघणारा माल व माणसे आपल्या बंदरात घेण्यास युरोपातील देश कचरू लागले होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही त्या वर्षी मज्जाव झाला. व्यापार वाचवायचा तर साथ कडक हाताने आवरली जात आहे हे जगाला दिसणे आवश्यक होते. या भीतीची झळ एका गुजराती बॅरिस्टरलाही पोहोचली. मुंबईहून निघालेल्या ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ या बोटी डिसेंबर १८९६ मध्ये डर्बनला पोहोचल्या, तेव्हा मुंबईतील प्लेगचे कारण दाखवून त्या तीन आठवड्यांहून अधिक काळ क्वारंटीनमध्ये, म्हणजे बंदराबाहेर सक्तीने अडकवून, ठेवण्यात आल्या. हिंदी लोकांनी नाताळ वसाहतीत उतरूच नये ही तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांची इच्छा त्यामागे होती. १३ जानेवारी १८९७ रोजी ‘कुरलँड’वरून उतरलेल्या मोहनदास गांधी यांच्यावर गोऱ्या जमावाने हल्ला केला आणि पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नीने आपली छत्री आडवी धरून त्यांना वाचवले. हल्लेखोरांवर फिर्याद करण्यास गांधींनी नकार दिला.

त्याच आठवड्यात मुंबईत याहून शांतपणे एक मोठे धाडस घडले होते. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत तुटपुंज्या साधनांनिशी प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लसीने मृत्यूचे प्रमाण कमी होते असे दिसून आले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये पुढे वाढलेली त्यांची प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या कायदेमंडळाने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची, प्रवाशांची तपासणी करण्याची आणि संशयितांना वेगळे ठेवण्याची मुभा दिली, नियम मोडणे हा दंड संहितेखाली गुन्हा ठरवला आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणताही दावा चालणार नाही असे शेवटी जाहीर केले. या कायद्यात अधिकारांना मर्यादा नव्हती आणि चुकीला दाद नव्हती. पुण्यात पुढे जे झाले त्याची बीजे या शेवटच्या कलमात होती असे म्हणण्यास हरकत नाही. हाच कायदा स्वतंत्र भारतातही टिकून राहिला आणि २०२० च्या कोरोना साथीत पुन्हा वापरला गेला.

पुण्यात प्लेग वाढू लागला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तेथील बंदोबस्तासाठी खास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे दिले. रँड हे नाव साताऱ्यापासून लोकांना ठाऊक होते, कारण तेथे असताना वाद्यबंदीच्या प्रकरणात वाईच्या प्रतिष्ठित ब्राह्मणांना त्यांनी तुरुंगात पाठवले होते. १३ मार्चपासून शेकडो सैनिकांच्या तुकड्या पुण्यातील पेठापेठांतून घरोघर झडत्या घेऊ लागल्या आणि हे काम १९ मेपर्यंत चालले. देशी स्वयंसेवकांच्या ऐवजी गोऱ्या शिपायांवर भर देण्याचा निर्णय समितीने जाणूनबुजून घेतला होता. बुटांसह देवघरात शिरणे, अडगळीची म्हणून चांगली भांडीकुंडी व अंथरुणे रस्त्यावर जाळणे, गाठ आहे की नाही हे पाहण्यासाठी बायकापुरुषांच्या काखा-जांघा तपासणे, आणि रोगी सापडला की त्याला रुग्णालयात व घरच्या सर्व माणसांना शहराबाहेरच्या छावणीत नेणे, असा या झडत्यांचा क्रम असे. रँड यांच्या बाजूने एवढे नोंदवले पाहिजे की ते स्वतः अहोरात्र राबत होते आणि शिपायांनी शिस्तीने वागावे अशा लेखी सूचनाही समितीने काढल्या होत्या. पण ज्या गावाने इंग्रजी शिपायाला कधी ओसरीवरही येऊ दिले नव्हते, त्या गावाच्या माजघरात बंदूकधारी तुकडी शिरल्यावर लेखी सूचनांना फारसा अर्थ उरत नव्हता.

झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, तेथे सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी गोळा करून आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणल्यानंतर त्यांनाही रोगाची लागण झाली असे सांगतात. अस्पृश्य मुलाला स्पर्श करून उचलणारी ही विधवा आणि गाठी चाचपणारी सरकारी तुकडी या एकाच रोगाला एकाच शहरात सामोऱ्या गेल्या. त्या वर्षाच्या राजकीय इतिहासांनी सावित्रीबाईंच्या मृत्यूला फार दिवस एका ओळीचीही जागा दिली नाही, ही गोष्ट त्या इतिहासांच्या लेखकांविषयी बरेच काही सांगून जाते.

पुण्याच्या पुढाऱ्यांसमोर या काळात दोन कर्तव्ये होती आणि ती परस्परांशी भांडत होती. साथ रोखली पाहिजे हे टिळकांना पूर्णपणे पटले होते. अनेक सधन पुढारी गाव सोडून गेले असता ते शहरातच राहिले, हिंदू प्लेग रुग्णालय चालवण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि विलगीकरणाला विरोध करू नका असे ते लोकांना सांगत राहिले. त्याच वेळी ‘केसरी’ व ‘मराठा’ या आपल्या पत्रांतून झडत्यांतील अत्याचारांवर ते कठोर टीका करत होते. पंडिता रमाबाईंनीही वर्तमानपत्राला पत्र लिहून प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रार केली. ब्राह्मण पुढारी आणि त्यांच्याशी उभे वैर असलेली ख्रिस्ती विदुषी या एका मुद्द्यावर एकत्र आले, यावरून तक्रारीमागे केवळ जातीचा अभिमान नव्हता हे दिसते.

गोपाळ कृष्ण गोखले या वेळी इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे एप्रिलमध्ये त्यांनी दिलेली साक्ष, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व सुब्रह्मण्य अय्यर यांच्या साक्षींबरोबरच, हिंदी अर्थकारणाच्या अभ्यासातील महत्त्वाचा दस्तऐवज मानली जाते. पुण्याच्या मित्रांची पत्रे वाचून व्यथित झालेल्या गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचा आरोप जाहीर केला. पार्लमेंटात गदारोळ झाला, मुंबई सरकारने आरोप फेटाळला आणि गोखले मुंबईला परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कुणीही पुढे येऊन साक्ष देण्यास तयार नव्हते. मित्रांची नावे सांगायची नाहीत आणि पुराव्याशिवाय आरोप चालू ठेवायचा नाही, अशा कोंडीत सापडून एकतीस वर्षांच्या गोखल्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी त्यांच्या वाट्याला आलेली निंदा अनेक वर्षे सरली नाही. परंतु सिद्ध करता न येणारा आरोप मागे घेणे हा त्यांच्या दृष्टीने सत्याचाच भाग होता आणि त्या माफीत भित्रेपणा पाहणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला.

जून महिन्यात सगळ्याच घटनांची गती वाढली. १२ जून रोजी संध्याकाळी आसामात शिलाँग पठाराखाली झालेल्या प्रचंड भूकंपाने शहरे सपाट केली आणि सुमारे दीड हजार माणसे दगावली. रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा केलेला अभ्यास भूकंपशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत गणला जातो. त्याच दिवशी पुण्यात, प्लेगमुळे लांबलेला शिवराज्याभिषेकाचा उत्सव सुरू झाला. व्याख्यानांत अफझलखानाच्या वधाची चर्चा झाली, अध्यक्षस्थानावरून बोलताना टिळकांनी गीतेचा आधार घेऊन निष्काम बुद्धीने केलेल्या कृत्याला दोष लागत नाही असे प्रतिपादन केले, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त उत्सवाचा वृत्तांत व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली.

आठवड्याने, २२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षपूर्तीचा सोहळा म्हणजे हीरक महोत्सव होता. दुष्काळ व साथ यांनी गांजलेल्या देशात ठिकठिकाणी दिवे लागले आणि गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यावर रात्री मेजवानी व आतषबाजी झाली. मध्यरात्रीच्या सुमारास तेथून परतणाऱ्या रँड यांच्या गाडीवर चढून दामोदर हरी चापेकर यांनी त्यांना गोळी घातली, तर मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट यांना बाळकृष्ण चापेकर यांनी ठार केले. आयर्स्ट जागीच मरण पावले आणि रँड ३ जुलैला. चिंचवडच्या कीर्तनकाराच्या घरातील या भावांचा राग केवळ प्लेगच्या झडत्यांतून उपजलेला नव्हता. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला १८९६ मध्येच त्यांनी डांबर फासले होते आणि समाजसुधारकांवरही त्यांनी हात उचलला होता, असे दामोदर यांच्या आत्मवृत्तावरून दिसते. परधर्मी राज्य व धर्मात ढवळाढवळ करणारे सुधारक हे दोन्ही त्यांना एकाच शत्रूची रूपे वाटत. त्यांचे शौर्य आणि त्यांच्या विचारांचा हा संकुचितपणा ही दोन्ही एकाच व्यक्तित्वाची अंगे होती आणि त्यांपैकी एक झाकून दुसरे दाखवणे इतिहासकाराला शोभत नाही.

सरकारचा संताप साऱ्या शहरावर कोसळला. गुन्हेगाराचा पत्ता देणाऱ्यास २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, जादा पोलिसांची शिक्षा शहराच्याच खर्चाने लादली गेली आणि बाळासाहेब व तात्यासाहेब या नातू बंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली, म्हणजे कोणताही आरोप न ठेवता व खटला न चालवता, स्थानबद्ध करण्यात आले. टिळकांनी जुलैच्या ‘केसरी’त ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा प्रश्न शीर्षकातच विचारला. २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली. खुनाशी त्यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा सरकारजवळ नव्हता, म्हणून १५ जूनच्या अंकातील मजकुरावर भारतीय दंड संहितेच्या १२४-अ या राजद्रोहाच्या कलमाखाली खटला भरण्यात आला. प्रथम नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. ते स्वतः १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष होते.

८ सप्टेंबरपासून न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. बचावासाठी बंगालमधून पैसा आणि कलकत्त्याचे बॅरिस्टर प्यू असे दोन्ही आले, आणि एका मराठी संपादकाच्या बाजूने दूरचा प्रांत उभा राहण्याचा तो पहिलाच मोठा प्रसंग ठरला. दिलगिरी व्यक्त करून सुटण्याचा सल्ला काही मित्रांनी दिला होता, पण त्याने लोकांतील आपले स्थान कायमचे जाईल असे टिळकांना वाटत असल्याने त्यांनी तो मानला नाही. मराठी लेखांचे सरकारी भाषांतर अनेक ठिकाणी वादग्रस्त होते आणि ज्युरीतील बहुतेकांना मूळ मजकूर वाचताही येत नव्हता. स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावताना सरकारविषयीच्या कोणत्याही प्रकारच्या दुर्भावनेला कलमाच्या कक्षेत ओढले, त्यामुळे प्रत्यक्ष बंडाची चिथावणी दिली की नाही हा प्रश्नच बाजूला पडला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी व तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष ठरवले, आणि १४ सप्टेंबरला बहुमताच्या आधारे त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्याची परवानगी मिळवण्यासाठी लंडनमध्ये हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परंतु नोव्हेंबरात तीही नाकारण्यात आली.

खटल्याच्या मधल्या रविवारी, १२ सप्टेंबरला, वायव्य सरहद्दीवरील सारागढीच्या चौकीत हवालदार ईशर सिंग आणि ३६ व्या शीख पलटणीचे वीस जवान हजारो पठाणांशी लढत अखेरच्या माणसापर्यंत पडले. सरकारने त्या एकवीस जणांना तेव्हा हिंदी शिपायाला मिळू शकणारा सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. त्याआधी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीचा माग लागला होता आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना या संशोधनासाठी मिळाले. जगदीशचंद्र बोस यांनी जानेवारीतच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विद्युतलहरींचे प्रयोग करून दाखवले होते. पाश्चात्त्य देशांतून परतलेल्या स्वामी विवेकानंदांनी १ मे रोजी कलकत्त्यात रामकृष्ण मिशनची स्थापना केली आणि मिशनचे पहिले मोठे काम मुर्शिदाबादच्या दुष्काळपीडितांना अन्न देण्याचे ठरले.

डिसेंबरअखेर अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे होते, अध्यक्षपदी मद्रासचे सी. शंकरन नायर होते, आणि तुरुंगातील टिळकांबद्दल सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलले तेव्हा मवाळ व जहाल हा भेद काही काळ तरी विरला. सरकारने मात्र १८९८ च्या प्रारंभीच राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक केले आणि समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल १५३-अ हे नवे कलम दंड संहितेत घातले. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे दोन भाऊ बाळकृष्ण व वासुदेव आणि सहकारी महादेव रानडे यांना पुढच्या वर्षी मे महिन्यात. टिळक मुदतीआधीच, सप्टेंबर १८९८ मध्ये, सुटले. त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत मॅक्स म्युलर आणि दादाभाई नौरोजी यांचा समावेश होता. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका मुसलमान विणकराच्या घरातील रोगी तपासण्यावरून दंगल उसळली आणि त्यानंतर सक्तीच्या झडत्या, सैनिकांचा वापर व जबरदस्तीचे विलगीकरण ही धोरणे सरकारने एकेक करून सैल केली. टिळक व इतर पुढारी १८९७ च्या वसंतात ज्या गोष्टी मागत होते, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांचे सहकार्य, जातवार खासगी रुग्णालये आणि लोकांच्या संमतीने घरे रिकामी करणे, त्यांतील बहुतेक अशा रीतीने वर्ष-दोन वर्षांत सरकारी धोरणाचाच भाग बनल्या. प्लेग मात्र आणखी दोन दशके देशात राहिला आणि त्यात सुमारे एक कोटी माणसे मेली.